प्रोस्टेटचा कॅन्सर: ऑपरेशन की रेडिएशन? आणि बाबांना कुणी विचारलं का?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील ६६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, साताऱ्याजवळच्या गावी राहतात. मधुमेह आहे, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसलाय. पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा) ११.८. बायोप्सीत १२ पैकी ५ तुकड्यांत कॅन्सर, ग्लीसन ४+३ (पेशी किती बिघडल्यात त्याचा गुण: ६ सौम्य, ८ ते १० चढा, मधल्या सातात ४+३ हा ३+४ पेक्षा चढा). एमआरआयमध्ये प्रोस्टेट ७२ ग्रॅम, गाठ ग्रंथीच्या आतच. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये बाहेर कुठे काही नाही. रात्री चारदा उठतात, धार बारीक, लघवी करून आल्यावरही १४० मिली आत उरते. एका सर्जननी रोबोटिक ऑपरेशन सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरांनी २० दिवस रेडिएशन आणि सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं सांगितली. वडील म्हणतात, ‘काढून टाका एकदाचं.’ मुलगा विचारतो, दोन्हींत चांगलं कोणतं?

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी युरॉलॉजिस्ट, म्हणजे सुरीवाला. २६ वर्षं ही ऑपरेशनं करतोय, सुरुवातीची पोट उघडून, अलीकडची रोबोटवर. त्यामुळे या सामन्यात मला पंच समजू नका, मी एका संघाचा खेळाडू आहे. दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या याचंही फार वाईट वाटून घेऊ नका. ज्याच्या हाताला जे काम येतं ते त्याला आधी सुचतं. दोघांपैकी कुणी तुम्हाला फसवलंय असं कागदांवरून तरी दिसत नाही.

बरं होण्याच्या बाबतीत दोन्ही वाटा जवळपास एकाच गावाला जातात. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाची चाचणी झाली. १९९९ ते २००९ या काळात १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, रेडिएशन, आणि नुसती नियमित देखरेख. पंधरा वर्षांनंतरचे आकडे २०२३ साली आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने मृत्यू आलेले ऑपरेशनच्या गटात २.२ टक्के, रेडिएशनच्या गटात २.९ आणि देखरेखीच्या गटात ३.१. संख्याशास्त्राच्या हिशेबात हे तिन्ही सारखेच. त्या १५ वर्षांत एकूण ३५६ माणसं गेली, त्यांत या कॅन्सरने गेलेली ४५. कॅन्सर दूर पसरण्याचं प्रमाण ऑपरेशन आणि रेडिएशनमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास, देखरेखीत ९.४.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. त्या चाचणीतले बहुतेकजण तुमच्या बाबांपेक्षा सौम्य आजाराचे होते, त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणांचा ग्लीसन ६ होता. आणि तिथली ऑपरेशनं बहुतेक पोट उघडून केलेली, रेडिएशनही जुन्या पद्धतीचं, ३७ दिवसांचं. म्हणजे दोन्ही संघ आज थोडे सुधारलेत. ४+३ असलेल्या माणसांसाठी इतकी थेट, इतकी मोठी तुलना आपल्या हातात नाही, पण जे आहे त्यातूनही एकाने दुसऱ्याला चारी मुंड्या चीत केलंय असं दिसत नाही.

इंटरनेटवर तुम्हाला ‘ऑपरेशन केलेले जास्त जगतात’ असे लेख सापडतील. त्यातली मेख सांगतो. माझ्याकडे ऑपरेशनला कोण येतो? जो जिना चढू शकतो, ज्याचं हृदय धड आहे, ज्याला भूलतज्ज्ञ हो म्हणतात. बाकीचे रेडिएशनकडे जातात. दहा वर्षांनी हिशेब मांडला की ऑपरेशनवाले जास्त जगलेले दिसतात, पण ते माझ्या सुरीमुळे की मुळातच काटक होते म्हणून, हे त्या हिशेबातून कळत नाही. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीला मी जास्त किंमत देतो ती याचसाठी.

आता ज्यांचा ग्लीसन ६ आहे आणि पीएसए दहाच्या आत आहे अशा वाचकांसाठी एक वाक्य: तुमचा प्रश्न बहुधा ‘ऑपरेशन की रेडिएशन’ हा नाहीच, ‘आत्ता काही करायचंय का’ हा आहे, आणि उत्तर पुष्कळदा ‘नाही, लक्ष ठेवू’ असं असतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत ते लागू नाही. ४+३, पीएसए दहाच्या वर, तब्येत ठीक असेल तर पुढे पंधरा-वीस वर्षं आयुष्य. उपचार हवा.

बरं होणं सारखं असेल, तर मग मागे काय उरतं ते बघायचं. दोन्ही उपचार काहीतरी मागे ठेवून जातात आणि दोघांचं मागे उरणारं वेगळं असतं. निवड खरी त्याच्यात आहे.

प्रोस्टेट काढताना त्याच्या वरची मूत्राशयाची मान आणि खालची मूत्रनळी यांना मधला भाग काढून परत जोडावं लागतं. लघवी धरून ठेवणारी जी दोन कुलपं असतात, त्यातलं एक प्रोस्टेटबरोबर जातं. उरलेल्या एकाला सगळं काम शिकावं लागतं. ते शिकेपर्यंत गळतं. खोकला आला, उठून उभं राहिलं, नातवाला उचललं की गळतं. ‘प्रोटेक्ट’मध्ये ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के लोक पॅड वापरत होते. सहा वर्षांनी १७ टक्के. बारा वर्षांनी २४ टक्के, कारण वयही आपलं काम करतंच. रेडिएशनच्या गटात बारा वर्षांनी हाच आकडा ८ होता.

‘पॅड लागतो’ हे दोन शब्द आम्ही फार सहज बोलतो. काही वर्षांपूर्वी माझा एक पेशंट होता, वारकरी, दरवर्षी आळंदीपासून पायी. ऑपरेशन छान झालं, पीएसए शून्यावर, मी खूश. वर्षभराने तपासायला आले तेव्हा विचारलं, यंदा वारी झाली का? म्हणाले, ‘पुण्यापर्यंत ठीक गेलो डॉक्टर. दिवेघाटात दोन पॅड भिजले. माणसांच्या त्या रेट्यात बदलायचा कुठे? सासवडहून एसटीने परत आलो.’ माझ्या फाइलमध्ये त्यांच्या नावापुढे ‘सौम्य गळती, दिवसाला एक-दोन पॅड’ असं लिहिलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी मी त्यांना पीएसए, ग्लीसन, रक्ताचे गट सगळं विचारलं होतं. वर्षात तुमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, हे विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित त्यांनी तरीही ऑपरेशनच निवडलं असतं. पण मग निवड त्यांची झाली असती.

दुसरी गोष्ट शरीरसंबंधाची. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, आणि नसणारच. मुलगा वडिलांबद्दल हे कसं लिहील? म्हणून माझी एक ठरलेली युक्ती आहे. मुलगा किंवा जावई बरोबर असेल तर मध्येच त्याला सांगतो, खालून जरा या रिपोर्टची झेरॉक्स काढून आणता का? तो गेला की दार लोटून घेतो आणि वडिलांना सरळ विचारतो. पासष्टीचे, सत्तरीचे गृहस्थ आधी हसून टाळतात, ‘आता काय साहेब, वय झालं.’ मी गप्प बसतो. पाचेक सेकंद जातात. मग निम्मे जण खरं सांगतात. कुणाचं सगळं व्यवस्थित चालू असतं आणि ते जायची भीती कॅन्सरइतकीच असते. कुणाचं मधुमेहाने दहा वर्षांपूर्वीच थांबलेलं असतं आणि त्यांना खरोखर फरक पडत नाही. दोघांना एकच सल्ला देणं म्हणजे आळशीपणा. झेरॉक्स हे निमित्त, तीच फी मी खरी कमावतो असं मला वाटतं.

‘प्रोटेक्ट’चेच आकडे हवेत तर: संबंधाला पुरेसा ताठरपणा उपचाराआधी ६७ टक्क्यांना होता. सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात १२ टक्क्यांना, रेडिएशनच्या गटात २२ टक्क्यांना. सहा वर्षांनी १७ आणि २७. आणि ज्यांना नुसतं देखरेखीखाली ठेवलं त्यांच्यातही सहा वर्षांनी ३० टक्क्यांवर आलेलं होतं. ताठरपणाच्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. १९८२ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी त्या मुद्दाम ओळखून वाचवण्याची पद्धत सुरू केली, आणि आज आम्ही सगळे तीच करतो. पण गाठ ज्या बाजूला कडेपर्यंत आली असेल तिकडची नस वाचवायला जाऊ नये, आणि मधुमेहाने आधीच थकलेली नस वाचवूनही फार हाती लागत नाही. कोणी ‘रोबोट आहे, नसा शंभर टक्के वाचतात’ म्हणालं तर नम्रपणे नमस्कार करून उठा. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येणं कायमचं बंद होतं. सुख होतं, पण कोरडं. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो.

रोबोटचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ माणसांवर रोबोट आणि उघडं ऑपरेशन यांची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. दोन वर्षांनी लघवी आणि शरीरसंबंध, दोन्हींत फरक नव्हता. रोबोटमध्ये रक्त कमी जातं, दुखतं कमी, घरी लवकर जाता येतं, आणि कन्सोलवर बसून आम्हाला दिसतं फार सुरेख. पण निकाल हाताचा असतो. त्यामुळे सर्जनला यंत्राचं नाव विचारण्यापेक्षा हे विचारा: गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती केलीत, आणि वर्षभराने त्यांतल्या किती जणांना पॅड लागतो? जो सर्जन या प्रश्नावर चिडतो त्याने आपलं उत्तर दिलेलं असतं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडचे गावाकडचे पेशंट रेडिएशनला ‘लाईट घेणं’ म्हणतात. शब्द फसवा आहे, प्रकाश वगैरे काही दिसत नाही, दुखतही नाही. दहा-पंधरा मिनिटं टेबलावर निपचित पडायचं, बस. खरी कसरत त्याच्या आधी असते. रोज पोट साफ करून यायचं, अर्धा लिटरभर पाणी प्यायचं आणि मूत्राशय भरेपर्यंत थांबायचं. भरलेलं मूत्राशय वर सरकतं, आतडी बाजूला ढकलली जातात, किरण नेमके प्रोस्टेटवर पडतात. यंत्र अर्धा तास उशिरा चाललं की बाकावर मांड्या आवळून बसलेले पाच-सहा काका दिसतात, एकमेकांना ‘तुमचा नंबर कितवा’ विचारत. ज्यांच्या मूत्राशयात एरवीच १४० मिली उरते, रात्री चारदा उठावं लागतं, त्यांना हे थांबणं अवघड जातं.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जळजळ, वारंवार लागणं, शौचाला घाई. उपचार संपल्यावर महिना-दीड महिन्यात बहुतेकांचं निवळतं. साताऱ्याहून रोज पुण्याला एसटीने जाऊन-येऊन करायचा विचार असेल तर एकदा खंबाटकीतला ट्रॅफिक डोळ्यांसमोर आणा आणि चार आठवडे तिथेच राहायची सोय बघा. मुंबईला टाटामध्ये जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिने कित्येक कुटुंबांचं हे ओझं हलकं केलंय. उपचार आजकाल २० दिवसांचाच असतो. ३७ दिवसांऐवजी २० दिवसांत तेवढंच चांगलं होतं हे ब्रिटनमध्येच ३,२०० हून जास्त पेशंटवर दिसलं. कोणी तुम्हाला फक्त पाच दिवसांचं रेडिएशन सुचवलं, आणि सुचवतील, तर एक प्रश्न विचारा. ज्या ‘पेस’ चाचणीच्या जोरावर ते दिलं जातं तिच्यात ४+३ वाले घेतलेलेच नव्हते, ३+४ पर्यंतच घेतले होते. पद्धत वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण तो पुरावा बाबांचा नाही.

रेडिएशनचं मागे उरणारं उशिरा येतं, हे लोकांच्या ध्यानात राहत नाही. दोन-तीन वर्षांनी एखाद्या सकाळी शौचात लाल रक्त. माणूस हादरतो, कॅन्सर परत आला म्हणून घरात रडारड होते. बहुतेकदा ते रेडिएशनने गुदाशयाच्या समोरच्या भिंतीवर आलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांचं असतं, आणि आपोआप किंवा थोड्या उपचाराने थांबतं. दुर्बीण करायची वेळ आली तर ती करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा की प्रोस्टेटला रेडिएशन झालंय. त्या समोरच्या भिंतीचा तुकडा उगाच काढला तर जखम भरत नाही, भोक पडू शकतं. हे वाक्य फाइलवर लाल पेनने लिहून ठेवा. ‘प्रोटेक्ट’मध्ये बारा वर्षांनी शौचावर ताबा कमी होण्याचं प्रमाण रेडिएशनच्या गटात १२ टक्के होतं, ऑपरेशनच्या गटात ६. आणि नातवंडांना जवळ घ्यायला काहीच हरकत नाही, बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात साठून राहत नाही.

तुमच्या बाबांच्या बाबतीत रेडिएशन एकटं येत नाही, बरोबर हार्मोनचं इंजेक्शन येतं. ४+३ ला ते हवंच असं बहुतेक रेडिएशनवाले म्हणतील आणि ते बरोबर आहे. पुरुषी हार्मोन बंद करायचं म्हणजे अंगातून गरम वाफा, स्नायू उतरणं, पोट सुटणं, साखर वर जाणं, चिडचिड किंवा उदासी, आणि इच्छाच मरणं. सहा महिन्यांचं इंजेक्शन म्हणजे सहा महिन्यांत सुटका नाही, हार्मोन परत यायला पुढे आणखी बरेच महिने लागतात. मधुमेह आणि स्टेंट असलेल्या माणसाला हे द्यायच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं घेतलंच पाहिजे. ऑपरेशनच्या आधीही घेतलंच पाहिजे. रोबोटिकमध्ये माणसाला दोन-तीन तास डोकं खाली, पाय वर असं तिरकं झोपवतात, हृदयावर आणि डोळ्यांवर ताण येतो. काचबिंदू असेल तर सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते लिहून न्या, आणि ऑपरेशन ठरलं म्हणून मनाने एकही बंद करू नका. स्टेंटवाल्याने स्वतःच्या मनाने गोळी थांबवली आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी छातीत दुखून दाखल झाला, हे मी पाहिलंय.

‘काढून टाका एकदाचं’ याबद्दल. ही भावना मी समजू शकतो, आणि तिच्यात तथ्यही आहे. ऑपरेशननंतर दीड-दोन महिन्यांनी पीएसए जवळजवळ शून्य यायला हवा. आला की झोप लागते. काढलेली ग्रंथी पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर जाते, आजार खरंच किती होता हे कळतं. रेडिएशननंतर पीएसए सावकाश, दीड-दोन वर्षं उतरत राहतो, मध्येच थोडा उसळतोही, आणि प्रत्येक रिपोर्टला घर श्वास रोखून धरतं. तळाच्या आकड्यापेक्षा दोनने वर गेल्याशिवाय आजार परतला असं आम्ही मानत नाही, पण हे घरच्यांना पटवणं कठीण.

तरी ‘एकदाचं’ या शब्दाची मी खात्री देणार नाही. ११.८ पीएसए आणि ४+३ असताना कडेवर कॅन्सरच्या पेशी राहिल्याचा रिपोर्ट येणं किंवा काही वर्षांनी पीएसए वर सरकणं, याची शक्यता चांगलीच असते. मग ऑपरेशननंतर रेडिएशन लागतं, आणि दोन्हींचं मागे उरणारं एकाच माणसाच्या वाट्याला येतं. दिलासा इतकाच की ते सरसकट लगेच द्यावं लागत नाही. पीएसएवर बारीक नजर ठेवून तो वाढायला लागताच दिलं तरी चालतं, हे २०२० साली आलेल्या ‘रॅडिकल्स’ चाचणीने दाखवलं. आमच्यातले पुष्कळ सर्जन पेशंटला म्हणतात, ‘ऑपरेशन करा, चुकलं तर रेडिएशन आहेच. रेडिएशन केलंत तर नंतर ऑपरेशन होत नाही.’ मीही अनेक वर्षं हे म्हणत होतो. अर्धंच खरं आहे. रेडिएशननंतरचं ऑपरेशन अवघड आणि जोखमीचं असतं, हे खरं. पण फक्त नंतरच्या वाटेसाठी आधीची वाट निवडायची असेल, तर दोन्ही वाटा चालायला लागण्याची शक्यता किती, हेही त्याच श्वासात सांगायला हवं.

गावात कुणीतरी म्हणालं असेल, ‘सुरी लागली की कॅन्सर भडकतो.’ नाही भडकत.

ज्यांच्या वडिलांचा आजार याहून चढा आहे, ग्लीसन ८ ते १० किंवा पीएसए वीसच्या वर, त्यांची चर्चा वेगळी होते. तिथे रेडिएशनबरोबर हार्मोन दीड ते तीन वर्षं लागतं, आणि प्रोस्टेटच्या आसपासच्या लसीका गाठींनाही (लिम्फ नोड) किरण द्यायचे का हा प्रश्न येतो. यावरची एक महत्त्वाची चाचणी आपल्या टाटा मेमोरियलमध्ये झाली, २२४ पेशंटवर, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठींसकट रेडिएशन दिलेल्यांत पाच वर्षांनी ९५ टक्के जणांचा पीएसए ताब्यात होता, नुसत्या प्रोस्टेटला दिलेल्यांत ८१ टक्के.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते. बाबांचे कागद समोर ठेवून, सुरीवाला असल्याची कबुली परत देऊन, माझा कल ऑपरेशनकडे आहे, आणि त्याचं कारण कॅन्सर नाही, लघवी आहे. ७२ ग्रॅमची ग्रंथी, बारीक धार, १४० मिली शिल्लक. अशा अडलेल्या ग्रंथीवर रेडिएशन दिलं की ती आधी सुजते, लघवी पूर्ण बंद होऊन नळी घालावी लागण्याचा धोका असतो. ऑपरेशनने कॅन्सर आणि अडथळा, दोन्ही एकत्र जातात. रात्री चारदा उठणारा माणूस बहुधा एकदा-दोनदा उठायला लागतो, आणि ते सुख त्याच्या बायकोलाही मिळतं. शिवाय हार्मोनचं इंजेक्शन टळतं, जे त्यांच्या साखरेला आणि हृदयाला नकोच आहे.

पण हा कल तीन गोष्टींवर उलटेल. हृदयाच्या डॉक्टरांनी इको बघून भूल जोखमीची सांगितली, तर मी स्वतः त्यांना रेडिएशनकडे पाठवेन. तेव्हा दोन-तीन महिने आधी हार्मोन देऊन ग्रंथी पाव-तिसरा हिस्सा लहान करता येते, किंवा दुर्बिणीने मधला अडथळा खरवडून, जखम भरू देऊन मग किरण देता येतात. गेल्याच वर्षी ७४ वर्षांच्या एका गृहस्थांना मी असंच पाठवलं, ते समाधानात आहेत. दुसरं, बायोप्सीच्या स्लाइड पुन्हा तपासल्यावर ४+३ चं ३+४ झालं, तर हार्मोनशिवायचं रेडिएशन चर्चेत येतं आणि तराजू बदलतो. हे होतं. दोन चांगले पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर वेगळं म्हणू शकतात. तिसरं, झेरॉक्सचा प्रसंग घडल्यावर बाबांनी असं काही सांगितलं की मला गळती चालणारच नाही, किंवा मला अजून बायकोबरोबर आयुष्य हवंय, तर मी माझा कल खिशात ठेवेन.

घाई करू नका. या आजारात तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही, आणि बायोप्सीनंतर सूज उतरायला साधारण महिना-दीड महिना जाऊ दिला तर सर्जनच्या हाताला ते बरंच पडतं. तेवढ्या वेळात हॉस्पिटलमधून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, ते तुमच्या हक्काचे आहेत, आणि मोठ्या कॅन्सर केंद्रात दाखवा. लघवीच्या धारेची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. महात्मा फुले योजनेत बसवायचं असेल तर तारीख ठरवण्याआधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भेटून नेमकं काय बसतं ते विचारा. रोबोटचा फरक खिशातून भरावा लागू शकतो, आणि त्या पैशांसाठी जमीन गहाण टाकण्याइतकं त्या यंत्रात काही नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आजपासून सुरू करायला सांगा, कोणताही उपचार ठरो. चारचौघांत वारा आवरताना आपण जे आवळतो तेच स्नायू, मोजून दहा अंक आवळायचे, सोडायचे, दिवसातून तीन वेळा दहा-दहादा.

आणि पुढच्या भेटीला आईला घेऊन जा. ‘घाबरली आहे’ म्हणून घरी ठेवू नका. रात्री कितीदा उठतात, चिडचिड कधी वाढली, गोळ्या खरंच घेतात का, हे बाबांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. दोन्ही डॉक्टरांना भेटून झालं की मग डॉक्टरांनी न विचारताच तुम्ही खाली झेरॉक्स काढायला जा, आणि वीस मिनिटांनी वर या.